मृदंगाची थाप आणि दोनशे मिलिसेकंद

रत्नागिरी जिल्ह्यात नमन या लोककलेचा खेळ अंगणात उभा राहतो तेव्हा मृदंगी, टाळकरी आणि नाचणारे खेळे यांच्यात चार-पाच हातांचं अंतर असतं. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. मृदंगावरची थाप दोन मीटरवरच्या नाच्यापर्यंत पोचायला जेमतेम सहा मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाचे सहा हजारांश. इतका उशीर कोणाच्याच कानाला कळत नाही. त्याच नमनाचं चित्रीकरण मुंबईतला चाकरमानी लोकलमध्ये बसून बिनतारी इअरबड्समधून ऐकतो, तेव्हा साध्या ब्लूटूथवर आवाजाला दीडशे ते अडीचशे मिलिसेकंद उशीर होऊ शकतो. दोनशे धरले तर अंतराच्या हिशेबात ते होतात जवळपास ६९ मीटर. बघणारा अंगणात, ऐकणारा कान मात्र दोन घरं पलीकडे.

हे सहसा लक्षात येत नाही, कारण फोन लबाडी करतो. आवाज उशिरा पोचणार हे त्याला ठाऊक असतं, म्हणून तो चित्रही तेवढंच मागे ओढून धरतो. पण मोबाइलवर गोळीबाराचा गेम खेळणाऱ्या पोराला किंवा कीबोर्डवर बोटं चालवणाऱ्या वादकाला ही लबाडी उपयोगाची नाही. तिथे बोट आधी पडतं, सूर मागून येतो.

तार काढून टाकण्याची किंमत दोन नाण्यांत द्यावी लागते. एक म्हणजे नादाचा काही अंश, दुसरं म्हणजे थोडा वेळ. इअरबड्स विकणाऱ्या कंपन्या गेली काही वर्षं या दोन्ही गोष्टी परत मिळवून देण्याची भाषा करत आहेत आणि त्यासाठी ‘लॉसलेस’ (काहीही न गमावणारा), ‘लो लेटन्सी’ (कमी उशिराचा) असे शब्द डब्यांवर छापत आहेत. रत्नागिरीचा श्रोता मात्र ही किंमत शंभर वर्षांपासून मोजत आला आहे, फक्त प्रत्येक यंत्राने ती वेगळ्या नाण्यात घेतली.

पहिलं यंत्र ग्रामोफोन. त्याने नाद तर घेतलाच, शिवाय गाण्याची लांबीही घेतली. १९०२मध्ये ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गेसबर्ग कोलकात्यात आला आणि त्याने गायिका गौहर जानचा आवाज तबकडीवर उतरवला. तेव्हा गायकाने कर्ण्यात तोंड घालून गायचं आणि त्या कंपनाने सुई थरथरायची, एवढाच कारभार होता. खालचे खर्जाचे सूर त्यात येत नसत, वरचे बारीक सूरही येत नसत. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे मूळ स्वरावर तरंगणारी ती सूक्ष्म स्वरांची झालर, त्या तबकडीवर जवळजवळ नाहीच. १९२५च्या सुमारास मायक्रोफोन आणि विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं तेव्हा परिस्थिती बरीच सुधारली. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांची मर्यादा मात्र तशीच राहिली.

संगीत नाटकाच्या प्रेक्षकाला ही मर्यादा विशेष जाचली असणार. विनायक दामोदर सावरकर १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरीत स्थानबद्ध होते. त्या वास्तव्यात त्यांनी लिहिलेलं ‘संन्यस्त खड्ग’ १९३१मध्ये बलवंत संगीत मंडळीने रंगभूमीवर आणलं. पदांना चाली होत्या रामकृष्णबुवा वझे यांच्या, आणि बुवा सावंतवाडी संस्थानातले, म्हणजे कोकणातलेच. गाणारे मास्टर दीनानाथ मंगेशकर. नाट्यगृहात ‘वन्समोअर’ पडला की पद हवं तितकं लांबायचं, नटाला त्या रात्री सुचलेली एखादी जागा तिथेच खुलायची. तबकडीवर तेच पद तीन मिनिटांत आवरायचं. पुढे दोन-तीन पिढ्यांनी नाट्यसंगीत ऐकलं ते बहुतांशी या आवरलेल्या रूपात, आणि ‘मूळ चाल’ म्हणून तेच डोक्यात बसलं. यंत्राची अडचण परंपरा कशी होऊन बसते याचं याहून चांगलं उदाहरण मराठी संगीतात शोधावं लागेल.

मग रेडिओ. मुंबईचं नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झालं. रेडिओ घरी ठेवायचा तर परवाना लागे आणि त्याचं नूतनीकरण पोस्टात करावं लागे. ही भानगड १९८०च्या दशकात संपली. कोकणपट्टीला एक नैसर्गिक फायदा होता. मध्यम लहरी, म्हणजे मीडियम वेव्ह, जमिनीला चिकटून जातात आणि खाऱ्या पाण्यावरून त्या डोंगराळ जमिनीपेक्षा कितीतरी सहज पुढे सरकतात, कारण समुद्राचं पाणी वीज चांगली वाहून नेतं. मुंबई आणि रत्नागिरी यांच्यामध्ये रस्त्याने घाटवळणं आहेत, पण लहरींना किनाऱ्याकिनाऱ्याने मोकळी वाट आहे. रात्री वातावरणाच्या वरच्या थरांत बदल होऊन लांबलांबची केंद्रंही लागतात. रेडिओ सिलोनचं चित्रपटसंगीत ऐकायला मात्र लघुलहरींचा पट्टा लागे. बाळकृष्ण केसकर हे मराठी गृहस्थ केंद्रीय माहितीमंत्री असताना आकाशवाणीने चित्रपटगीतांना जवळजवळ दार बंद केलं होतं. त्यामुळे देशभरचा श्रोता सिलोनकडे वळला आणि शेवटी १९५७मध्ये सरकारला विविध भारती काढावी लागली.

बिनतारी आवाजाच्या इतिहासात जुन्या रत्नागिरी जिल्ह्याच्या नावावर एक प्रकरण असं आहे, की त्याची आठवण जिल्ह्यात फारशी कोणी काढत नाही. गोव्यात पोर्तुगीजांची सत्ता होती तेव्हा २५ नोव्हेंबर १९५५ रोजी आंबोलीच्या जंगलातून ‘व्हॉइस ऑफ फ्रीडम’ हे भूमिगत केंद्र सुरू झालं. आंबोली सावंतवाडी तालुक्यात आणि सावंतवाडी त्या वेळी रत्नागिरी जिल्ह्यात. सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १ मे १९८१ रोजी. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो हे दोघं हे केंद्र चालवत. कोकणी आणि पोर्तुगीज भाषांतल्या बातम्या, निवेदनं घाटमाथ्यावरून खाली गोव्यात जात. आंबोलीला पावसाळ्यात काय पाऊस कोसळतो हे ज्याने पाहिलंय त्याला, तिथल्या रानात प्रक्षेपक कोरडा ठेवणं म्हणजे काय काम असेल, याची कल्पना येईल. पुढे केंद्र कॅसलरॉकच्या बाजूला हलवलं गेलं आणि गोवा मुक्त होईपर्यंत ते चाललं. डिसेंबर १९६१मध्ये गोवा मुक्त झाल्याची घोषणा या दोघांनी विमानातून ध्वनिक्षेपकावर केली. नंतर दोघांचं लग्न झालं. लिबिया लोबो सरदेसाई यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा त्यांनी वयाची शंभरी गाठली होती.

रत्नागिरीला स्वतःचं आकाशवाणी केंद्र मिळालं १९७७मध्ये, मध्यम लहरींवर, ११४३ किलोहर्ट्झला. लहरीची लांबी साधारण २६२ मीटर. आज कानातल्या बडला जी लहर लागते तिची लांबी साडेबारा सेंटिमीटर आहे. लांब लहर डोंगराला वळसा घालते, घराच्या चिऱ्यांच्या भिंतींतून आत येते. वाडी कितीही आडबाजूला असो, ट्रान्झिस्टर थोडा फिरवला की आवाज मिळायचा. जाखडी, नमन, भजन ही कोकणातली लोककला इथे माइकपुढे आली. मिरकरवाड्याच्या मच्छीमाराला समुद्राची आणि वाऱ्याची खबर आकाशवाणीवरून मिळू लागली. ती ऐकूनच होडी बाहेर काढायची की नाही हे ठरे.

या केंद्राने किंमत कोणती घेतली? नादाची, आणि भरपूर. मध्यम लहरींवर शेजारशेजारच्या केंद्रांत ९ किलोहर्ट्झचं अंतर ठेवतात, त्यामुळे आवाजातला साडेचार-पाच हजार कंपनांच्या वरचा भाग कापलाच जातो. माणसाचं बोलणं त्यात स्वच्छ बसतं. टाळ मात्र बसत नाही. भजनातल्या टाळांची जी किणकिण अंगावर येते ती बहुतेक सगळी या कात्रीच्या वरची. रेडिओवर टाळ वाजायचे ते कापडात गुंडाळल्यासारखे. एफएम आल्यावर ही मर्यादा १५ हजारांपर्यंत वर गेली.

वेळेची किंमत मात्र या रेडिओने जवळजवळ घेतलीच नाही. लहर १०० किलोमीटर जायला एक तृतीयांश मिलिसेकंद लागतो. स्टुडिओत निवेदक खोकला तर त्याच्या दारापलीकडच्या माणसाआधी तो खोकला राजापूरच्या ट्रान्झिस्टरमधून ऐकू येत असणार, कारण हवेतल्या आवाजाला दरवाजापर्यंत पोचायलाच त्याहून जास्त वेळ लागतो! या तत्परतेचा एक उपयोग क्रिकेटच्या मोसमात होई. बाळ ज. पंडित यांच्यासारख्यांनी मराठी धावतं समालोचन घरोघरी नेलं होतं. पुढे दूरदर्शन आल्यावर टीव्हीचा आवाज बंद करून रेडिओ लावणारी घरं निघाली. चित्र आणि समालोचन दोन वेगळ्या वाटांनी यायचं आणि तरी जुळायचं. आता मोबाइलवर सामना बघणारा श्रोता तीस-तीस सेकंद मागे असतो. शेजारच्या केबलवाल्या घरातून ओरडा आला की याला कळतं, पुढच्या चेंडूवर गडी बाद होणार आहे.

कॅसेटचा काळ हा या सगळ्यात सुखाचा म्हणावा लागेल. तार होती, म्हणून उशीर नव्हता. नादात फितीची खरखर होती, पण ती श्रोत्याने मान्य केली होती. आखाती देशांत नोकरीला गेलेले कोकणातले लोक येताना टू-इन-वन घेऊन यायचे. मुंबईचे चाकरमानी गणपतीला कॅसेटचे पुडके आणायचे. सोनीचा पहिला वॉकमन १९७९मध्ये जपानात विक्रीला आला आणि त्याने एक नवीनच सवय लावली: चारचौघांत बसून एकट्याने ऐकायचं. रेडिओ आणि टू-इन-वन अख्ख्या पडवीसाठी वाजायचे. भजनाच्या डबलबाऱ्या, म्हणजे दोन बुवांच्या जुगलबंद्या, आणि शक्ती-तुऱ्याचे, म्हणजे दोन शाहिरांच्या सवालजबाबाचे, सामने कॅसेटवर निघाले ते पडवीसाठीच. कानात बोळे घालून ऐकायची ती चीज नव्हे.

त्यानंतर आकड्यांचं युग. कॉम्पॅक्ट डिस्क १९८२ची. तिच्यावर आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, डाव्या-उजव्या कानासाठी वेगळा. गुणाकार केला की सेकंदाला १४ लाख ११ हजार २०० बिट. ‘लॉसलेस’ म्हणतात तो निदान एवढा ऐवज, एकही बिट न हरवता. एमपीथ्रीने जे कानाला फारसं कळत नाही ते फेकून दिलं आणि १२८ किलोबिटांत गाणं बसवलं, म्हणजे मुळाच्या एक अकरांश. २००८-१०च्या सुमारास गावोगावच्या मोबाइल दुकानांत मेमरी कार्डात गाणी भरून मिळत. चार जीबीच्या कार्डात पाच मिनिटांची आठशेएक गाणी मावत. तीच सीडीच्या दर्जाची भरली असती तर पाऊणशे. गिऱ्हाइकाने आठशे निवडली यात त्याचं काहीच चुकलं नाही. मूळ आवाजातलं काहीही न गमावता फाइल जवळपास निम्मी करणारी ‘फ्लॅक’ ही पद्धत २००१पासून फुकट उपलब्ध होती, पण ती त्या दुकानांपर्यंत पोचली नाही आणि पोचली असती तरी कोणी विचारलं नसतं.

ब्लूटूथचा जन्म स्वीडनमधल्या लुंडचा. एरिक्सन कंपनीत १९९४च्या सुमारास काम सुरू झालं आणि दहाव्या शतकातल्या डेन्मार्कच्या राजाचं नाव त्याला मिळालं. मूळ हेतू फोन आणि हेडसेट यांच्यामधली तार काढणं, आणि तेही बोलण्यापुरतं. स्टिरिओ संगीतासाठीचे नियम २००३मध्ये ठरले, तेव्हा एसबीसी नावाची आवाज आवळण्याची साधी पद्धत सक्तीची झाली. ती जास्तीत जास्त सव्वातीनशे किलोबिटांच्या आसपास चालते. म्हणजे मुळातलं तीन चतुर्थांश सामान बाहेरच.

उशीर होतो तो लहरीमुळे नव्हे. खिशातून कानापर्यंत लहरीला लागणारा वेळ मोजण्यात अर्थ नाही. उशीर होतो तो साठवणीमुळे. फोन आधी आवाजाचा तुकडा गोळा करतो, आवळतो, पुडकी बांधून पाठवतो. बड ती पुडकी लगेच वाजवत नाही, काही जमा करून ठेवतो, कारण एखादं पुडकं वाटेत हरवलं तर ते परत मागवायला सवड हवी. आणि पुडकी हरवतातच. २.४ गिगाहर्ट्झच्या या पट्ट्यात वायफाय आहे, मायक्रोवेव्ह भट्टी आहे, आणि माणसाचं पाण्याने भरलेलं शरीर ही लहर शोषून घेतं. फोन मागच्या खिशात ठेवला की एखाद्या कानातला आवाज तुटतो तो त्यामुळे. साठवण मोठी ठेवली तर आवाज तुटत नाही पण उशीर वाढतो, लहान ठेवली तर उशीर कमी होतो पण गर्दीत आवाज फाटतो. त्यात ‘लॉसलेस’ हवं म्हटलं की पुडकी चौपट, मग हरवण्याचा धोका जास्त, मग साठवण आणखी मोठी. दर्जा, तत्परता आणि न तुटणं या तिघांत भांडण आहे, आणि चिमुकल्या बॅटरीवर ते सोडवायचं आहे.

२०१६ साल या कथेत वारंवार येतं. सप्टेंबरात जिओची सेवा खुली झाली, त्याच महिन्यात ॲपलने आयफोन ७मधून हेडफोनचं भोक काढून टाकलं, डिसेंबरात एअरपॉड्स बाजारात आले. मुंबईतल्या एका कंपनीने ‘बोट’ हे नाव बाजारात आणलं तेही त्याच वर्षी. पुढच्या चार-पाच वर्षांत तिने आणि तिच्यासारख्यांनी हजार-दीड हजाराला इअरबड्स देऊन ते कॉलेजच्या पोराच्या खिशात नेले. स्वस्त डब्यांवरही ‘गेम मोड’ छापलेला असतो. त्याचा अर्थ साठवण कमी केली, एवढाच.

एक मोठा बदल मात्र यात कोणी बोलून दाखवत नाही. आकाशवाणीच्या काळात बिनतारी उडी एकच होती, मनोऱ्यापासून घरापर्यंत. आता दोन आहेत: मनोऱ्यापासून फोनपर्यंत आणि फोनपासून कानापर्यंत. कोकण रेल्वेने रत्नागिरीकडे येताना साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा लागतो. तिथे दुसरी उडी शाबूत असते, पहिली तुटते, आणि फोनने आधीच साठवून ठेवलेलं गाणं संपेपर्यंत प्रवाशाला काही कळत नाही.

नाद परत मिळवण्याची शर्यत बरीच पुढे गेली आहे. सोनीची एलडॅक पद्धत ९९० किलोबिटांपर्यंत जाते. २०२१मध्ये क्वालकॉमने ‘ॲप्टएक्स लॉसलेस’ जाहीर केली, ती सीडीचा ऐवज ब्लूटूथवरून पूर्ण नेण्याचा दावा करते, अर्थात हवा स्वच्छ असेल तर. ‘ॲप्टएक्स’चं मूळ १९८०च्या दशकातल्या बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात आहे. त्याच २०२१च्या जूनमध्ये ॲपलने आपली सगळी गाणी लॉसलेस करायला घेतली आणि गंमत अशी, की ॲपलचेच एअरपॉड्स ती ब्लूटूथवरून तशी वाजवू शकत नव्हते. २०२३मध्ये ॲपलने एक वाट काढली. एअरपॉड्स प्रोची नवी आवृत्ती व्हिजन प्रो या डोक्यावर घालायच्या यंत्राला जोडली की उशीर फार कमी आणि आवाज अखंड. म्हणजे अट अशी, की दोन्ही यंत्रं त्यांचीच हवीत. साखरप्यावरून सुटलेल्या एसटीत मागच्या सीटवर बसून लॉसलेस ऐकणाऱ्याला त्यातलं किती ऐकू येईल, हा प्रश्न या जाहिरातींत विचारला जात नाही. इंजिनाच्या घरघरीत एमपीथ्री आणि सीडी यांतला फरक बुडून जातो. कोकणातल्या श्रोत्याला नादाच्या शेवटच्या दहा टक्क्यांपेक्षा वेळेचं सोनं जास्त उपयोगी आहे.

गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला तर नक्कीच. २०२०च्या टाळेबंदीत गाण्याचे वर्ग व्हिडिओ कॉलवर गेले आणि एक गोष्ट शिक्षकांना पहिल्याच दिवशी उमगली: शिष्य गात असताना तिकडून ठेका धरता येत नाही. ठेका शिष्यापर्यंत जाणार, त्यावर तो गाणार, ते गाणं परत येणार, तोवर सम निघून गेलेली. शेवटी तबल्याचं ॲप शिष्याच्या बाजूलाच लावायचं आणि गुरूने नुसतं ऐकायचं, हा तोडगा निघाला.

रत्नागिरी हे अजून संगीत नाटकाचं गाव आहे. इथे ‘खल्वायन’सारखी संस्था संगीत नाटकं उभी करते, सावरकर नाट्यगृहात राज्य संगीत नाट्य स्पर्धेचे प्रयोग होतात. रंगमंचापुढच्या ऑर्गनपासून मागे उभ्या असलेल्या नटापर्यंत आठ मीटर अंतर धरलं तरी सूर २३ मिलिसेकंदांत पोचतो, आणि एकत्र वाजवणाऱ्यांना साधारण एवढंच सोसतं. याउलट नुसत्या बघणाऱ्याचा कान बराच उदार आहे. दूरचित्रवाणीसाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने १९९८मध्ये घालून दिलेल्या मोजमापाप्रमाणे आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद आधी आला तर खटकतं, पण मागून यायचा असेल तर १२५पर्यंत चालून जातं. विजेनंतर गडगडाट ऐकायची सवय असलेल्या जातीचा हा कान आहे.

२०२०मध्ये ब्लूटूथच्या नियमांत ‘एलई ऑडिओ’ची भर पडली. दोन्ही कानांना स्वतंत्र पण एकाच वेळी आवाज पोचवणं आणि उशीर कमी करणं ही तिची कामं. २०२२मध्ये ‘ऑराकास्ट’ हे नाव मिळालेली तिची एक शाखा एकाच यंत्रावरून हव्या तितक्या कानांना प्रक्षेपण करू देते. कमी ऐकू येणाऱ्या प्रेक्षकाला मागच्या रांगेत बसून नाटकाचा आवाज थेट श्रवणयंत्रात घेता येईल, अशी ती सोय आहे. संगीत नाटकाच्या प्रेक्षागृहांत पांढऱ्या केसांचं प्रमाण बघता हा खर्च लॉसलेसच्या आधी करावा.

रंगमंचावरच्या गायकांच्या कानातलं गणित आणखी वेगळं आहे. मोठ्या कार्यक्रमांत गायकाला स्वतःचा आणि साथीचा आवाज कानात बिनतारी देतात, पण त्यासाठी ब्लूटूथ कोणी वापरत नाही. यातली पुष्कळशी यंत्रं अजूनही ॲनालॉग एफएमवर चालतात. एडविन आर्मस्ट्राँगने १९३३मध्ये पेटंट घेतलेलं ते तंत्र आवाज आवळत नाही, पुडकी बांधत नाही आणि साठवूनही ठेवत नाही. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत तर तेवढंही नाही. शक्ती-तुऱ्याचं नवं गाणं यूट्यूबसाठी मुद्रित करताना शाहिराच्या कानावर जो हेडफोन असतो, त्याची तार सरळ मिक्सरमध्ये गेलेली असते.